कान म्हणतो वर, काटा म्हणतो खाली

ढगात शिरलं की क्षितिज नाहीसं होतं आणि तोल सांभाळायचं काम कानावर येतं. हा कान मोठा बेभरवशाचा: वळण सावकाश असेल तर त्याला पत्ताच लागत नाही. त्यात हेलिकॉप्टर मुळातच अस्थिर. ऑटोपायलट नसेल तर उजवा हात सायक्लिकवरून, म्हणजे हेलिकॉप्टर झुकवणाऱ्या दांड्यावरून, काढायची सोय नाही. मग नकाशा उलटायचा कोणी? सरावात शिकाऊ वैमानिकाला टांग्याच्या घोड्यासारखी झापडं लावतात, दिसतात फक्त उपकरणांचे काटे. एकाकडे टक लावावी, तर दुसरा घसरलेला.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर ढगात शिरून कोसळलं. वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या काट्यांवर उडण्याची पात्रता, होतं. ४,००० फुटांवर चढतोय, असं त्यानं नियंत्रकाला कळवलं. हेलिकॉप्टर तेव्हा डावीकडे वळत खाली येत होतं.