अकरावीचा इंग्रजीचा तास

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, उमरगा, परंड्याच्या बाजारपेठांतील घराघरांत जी चर्चा सुरू होते, तिचे विषय ठरलेले असतात. शाखा कोणती घ्यायची, मुलाला लातूरला ठेवायचे की सोलापूरला, आणि रात्रिभोजन न करणाऱ्या मुलाला सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल असे वसतिगृह कोठे आहे. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाल्यामुळे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याचे आणखी एक काम त्यात वाढले. या चर्चेत इंग्रजीचे नाव सहसा निघत नाही. लेखाकर्माला शिकवणी कोणाची, भौतिकशास्त्राला कोणाची, हे विचारले जाते. इंग्रजी मात्र ‘होऊन जाईल’ या सदरात पडते. वस्तुतः कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना सारखाच अनिवार्य असलेला मोठा विषय तो एकच आहे.

मग पर्युषण अथवा दशलक्षणाच्या आगेमागे पहिली चाचणी होते. घरात उपवास, पारणी, पाहुणे यांची गडबड असते, आणि त्याच गडबडीत दहावीला इंग्रजीत ८५ गुण मिळवलेला मुलगा २५ पैकी ९ गुणांची उत्तरपत्रिका दप्तरातच ठेवून देतो. आळस, मोबाइल, नवी संगत अशी कारणे शोधली जातात. खरे कारण पुष्कळदा वर्गाच्या रचनेत असते आणि ते पालकांना कोणी सांगितलेले नसते.

दहावीपर्यंत राज्य मंडळाच्या शाळांत इंग्रजीची दोन वेगळी पुस्तके चालतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ती प्रथम भाषा असते आणि तो ‘इंग्लिश कुमारभारती’ शिकतो. मराठी माध्यमाच्या मुलाला ती तृतीय भाषा असते आणि त्याच्या हाती ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ येते. सेमी इंग्रजीचा विद्यार्थी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकत असला तरी त्याचे इंग्रजी भाषेचे पुस्तक तृतीय भाषेचेच राहते. हे सेमीच्या पालकांच्या लक्षात बहुधा येत नाही. अकरावीत हे सारे विद्यार्थी एका बाकावर येतात आणि सर्वांसमोर एकच ‘इंग्लिश युवकभारती’ उघडली जाते. दहावीचे ८५ गुण एका पुस्तकावरचे होते आणि नवे पुस्तक दुसऱ्याच वाटेने आलेले आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या दोन महिन्यांत आपण मागे पडलो असे वाटते, तेव्हा तो हुशारीत कमी पडलेला नसतो. त्याचे गाडे केवळ वेगळ्या रस्त्याने तेथे पोहोचलेले असते.

आजोबांच्या पिढीला ही अडचण सांगितली तर नवल वाटेल, कारण त्यांची अकरावी म्हणजे शाळेची अखेर, मॅट्रिक. दहा अधिक दोन ही रचना महाराष्ट्रात १९७५ साली आली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. त्यांच्याही आधीच्या पिढीने या जिल्ह्यात निजामाच्या राजवटीत शिक्षण घेतले. तेव्हा वरच्या वर्गांची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमाबरोबर इंग्रजी अनिवार्य होती. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे आजच्या अकरावीच्या विद्यार्थ्यामागे इंग्रजीची दहा वर्षे उभी आहेत. एवढी वर्षे शिकूनही तो वर्गात तोंड का उघडत नाही, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे.

याचे उत्तर प्रश्नपत्रिकेच्या नव्या रूपात सापडते. तिला आता कृतिपत्रिका म्हणतात, आणि हा केवळ नावातला बदल नाही. उतारा दिलेला असतो. त्यातील माहिती शोधून लिहिणे हा सर्वांत सोपा भाग. त्यानंतर उताऱ्यात स्पष्ट न लिहिलेले परंतु ओळींमधून निघणारे अनुमान विचारले जाते. पुढे ‘तुझे मत काय’ अशी कृती येते, आणि तिचे उत्तर कोणत्याही गाईडात असू शकत नाही. व्याकरणही सुटे येत नाही. उताऱ्यातीलच वाक्य बदलून लिहावे लागते. काही उतारे तर पुस्तकाबाहेरचे असतात. दहावीपर्यंत गाईडातील उत्तरे आणि ठरावीक निबंध पाठ करून ज्याने गुण मिळवले, त्याची स्मरणशक्ती येथे फारशी कामास येत नाही. त्याला स्वतःचे वाक्य लिहावे लागते, आणि ते चुकणार या भीतीने तो कोरी जागा सोडतो.

अनुमानाने अर्थ लावण्याची ही विद्या व्यापारी घरांना परकी मात्र नाही. मारवाडी पेढ्यांवरील जुन्या वह्या महाजनी लिपीत लिहिल्या जात. त्या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळल्या जात, त्यामुळे लिहिलेला शब्द वाचणाऱ्याने संदर्भानेच पुरा करायचा असे. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड सुरू झाली, हा किस्सा ठाऊक नाही असे मारवाडी घर विरळा. हसण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत वाचनाचा धडा आहे: चांगला मुनीम अक्षरावर थांबत नसे, पत्र कोणाचे, कोणत्या गावाहून आले, मागचे पत्र काय होते, हे ध्यानात घेऊन मगच वाचत असे. इंग्रजीचा अनोळखी उतारा वाचण्याची रीत हीच आहे. प्रत्येक अडलेल्या शब्दाला शब्दकोश उघडणारा विद्यार्थी तीन तासांत ८० गुणांची कृतिपत्रिका पुरी करू शकत नाही. आधी उतारा कशाविषयी आहे हे ओळखून, अडलेला शब्द आजूबाजूच्या वाक्यांवरून उलगडणारा पुढे जातो.

भाषांचेही तसेच. उमरगा-मुरूमकडील दुकानात बसणारा मुलगा घरी मारवाडी वा गुजराती बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, सीमेपलीकडून आलेल्या शेतकऱ्याशी मोडकी-तोडकी कन्नड, आणि कंपनीच्या विक्री प्रतिनिधीशी हिंदी. ही या भूमीची जुनीच रीत म्हणावी. येथील तेर हे गाव पहिल्या शतकात ‘तगर’ नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते आणि त्याची नोंद ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत मिळते. धाराशिवच्या लेण्यांची कथा कनकामर मुनींनी ‘करकंडचरिउ’ या काव्यात अपभ्रंशात गुंफली. ज्या मुलाच्या कानावर रोज तीन भाषा पडतात, त्याला ‘भाषेत कच्चा’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्या तिन्ही भाषा तो चुकत-माकत, कामापुरत्या बोलत शिकला. चूक करण्याची मुभा केवळ इंग्रजीच्याच बाबतीत त्याला कोणी दिली नाही.

पुस्तकात काय आहे, हेही पालकांनी एकदा चाळून पाहण्याजोगे आहे. गद्य, पद्य, लेखनकौशल्य आणि नाटक असे चार विभाग. गद्यात तेनसिंग नोर्गे यांची एव्हरेस्टची चढाई आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लोकशाहीच्या आधारस्तंभांविषयीचे विचार आहेत. संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून डहाणूजवळ शेती करू लागलेल्या व्यंकट अय्यर यांचा अनुभव ‘द कॉल ऑफ द सॉइल’ या पाठात आहे. सोयाबीन आणि तुरीचे भाव ऐकत वाढलेल्या धाराशिवच्या मुलाला या पाठातील शेतकऱ्याची विवंचना शहरी मुलापेक्षा अधिक कळते. त्याला अडते ती शब्दांची बाजू. पेरणी, आंतरपीक, मळणी यांना इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नसते. पद्यात विल्यम कूपर यांची एक गमतीदार कविता आहे, तिच्यात चष्म्याच्या मालकीवरून नाक आणि डोळे न्यायालयात जातात. ज्या घरात जागेचा वा भागीदारीचा एखादा खटला चालू आहे, तेथे ती विशेष रंगेल.

नाटकाचा विभाग विद्यार्थ्यांना सर्वांत नवा. त्यातील ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ या हेन्रिक इब्सेन यांच्या १८८२ सालच्या नाटकापाशी व्यापारी घरातील मुलाने अवश्य थांबावे. एका गावाची सारी मिळकत औषधी स्नानगृहांवर चालते. तेथील पाणी दूषित आहे हे गावच्याच डॉक्टरला कळते. त्याचा सख्खा भाऊ नगराध्यक्ष आहे. सत्य सांगितले तर गावाचा धंदा बसतो, आणि लपवले तर लोक आजारी पडतात. प्रारंभी डॉक्टरची पाठ थोपटणारे वृत्तपत्र आणि घरमालक, खर्चाचा आकडा ऐकताच त्याच्या विरुद्ध जातात. सत्य व्रताविषयी प्रवचनात ऐकलेले या प्रसंगात तोलून पाहता येते, आणि ‘तू डॉक्टरच्या जागी असतास तर’ या प्रश्नावर मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. तोडक्या इंग्रजीत का होईना, असे उत्तर गाईडातील उताऱ्याहून सरस ठरते.

वाणिज्य शाखेच्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. वाणिज्यचे इतर विषय मराठीतून शिकण्याची आणि लिहिण्याची सोय बारावीपर्यंत आहे, आणि पुष्कळ मुले तिचा लाभ घेतात. त्यांतील अनेकांना चार्टर्ड अकाउंटंट व्हायचे असते. समाजात ही आकांक्षा घरोघर आहे. त्या अभ्यासक्रमाची परीक्षा मात्र इंग्रजी किंवा हिंदीतूनच देता येते, मराठीतून नाही. २०२४ पासून फाउंडेशन परीक्षेत चारच विषय राहिले आणि व्यावसायिक पत्रव्यवहाराचा भाग वगळला गेला. ओझे उतरले म्हणून अनेकांना आनंद झाला. परंतु व्यवसाय कायद्यांच्या उत्तरपत्रिकेत सविस्तर वाक्ये लिहावीच लागतात, आणि ती लिहिण्याचा सराव आता तेथे कोणी करून घेत नाही. तो करून घेणारी जागा म्हणजे अकरावी-बारावीचा इंग्रजीचा तास, जो शिकवणीच्या वेळापत्रकासाठी सर्वप्रथम बुडवला जातो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांविषयी थोडेच सांगावे लागेल. नीट किंवा सीईटीत इंग्रजीचा पेपर नसतो, म्हणून लातूरला राहिलेली मुले तो विषय बारावीच्या जानेवारीपर्यंत बाजूला ठेवतात. बारावी उत्तीर्ण होण्यासाठी इंग्रजीत ३५ गुण लागतातच, ही आठवण त्यांना उशिरा होते.

घरी करण्यासारखे काय आहे? महागडी शिकवणी हा पहिला उपाय नव्हे. दुकानात १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि त्यासोबत इंग्रजी कागदांचा ओघही. विवरणपत्राची सूचना, बँकेचे पत्र, विमा कंपनीचा नकार, वाहतुकीचे ई-वे बिल, यांतील बहुतेक कागद न वाचताच करसल्लागाराकडे जातात. त्यांतील एक कागद आठवड्यातून एकदा अकरावीतल्या मुलापुढे किंवा मुलीपुढे ठेवावा. भाषांतर मागू नये. ‘हे पत्र काय म्हणते, दोन वाक्यांत सांग,’ एवढेच विचारावे. सारांशलेखन म्हणून वर्गात शिकवतात ते हेच. माल खराब आल्याची तक्रार कंपनीला ई-मेलने कळवायची असेल तर कच्चा मसुदा त्यालाच करू द्यावा. पुस्तकातील ई-मेल काल्पनिक मित्राला असतो, हा खऱ्या कंपनीला जातो आणि त्याचे उत्तरही येते. मुलींना या कागदांपासून दूर ठेवण्याची काही घरांतील सवय येथे आडवी येते. पुढे ज्या घरात ती जाईल तेथेही असेच कागद येणार आहेत, आणि स्वतःचा व्यवसाय थाटला तर तिलाच ते वाचावे लागतील.

पहिल्या चाचणीचे गुण कमी आले म्हणून शाखा बदलण्याचा किंवा ‘बस आता दुकानात’ म्हणण्याचा निर्णय दिवाळीपूर्वी घेऊ नये. अकरावीची परीक्षा महाविद्यालयच घेते. मंडळाची परीक्षा बारावीला असते. भिन्न माध्यमांतून आलेल्या मुलांना एका रांगेत येण्यासाठीच हे वर्ष उपयोगी पडते, आणि चांगले शिक्षक ते जाणतात. पहिल्या सत्रात गप्प बसणाऱ्या मुलांपैकी कोण समजत नसल्याने गप्प आहे आणि कोण हसे होईल या भीतीने, हे शिक्षकांना भेटून विचारावे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला वाचन वाढवावे लागते, दुसऱ्याला बोलण्यासाठी एखादी सुरक्षित जागा हवी असते.

१०० पैकी २० गुण तोंडी परीक्षेचे असतात आणि तिची तयारी वर्षभर टाळली जाते. रात्री दुकान वाढवल्यावर, हिशेब मिळवून झाला की दहा मिनिटे मुलाने त्या दिवशीच्या पाठाविषयी इंग्रजीत बोलावे. ऐकणाऱ्या वडिलांना किंवा आजोबांना इंग्रजी आली नाही तरी चालते; मुलगा कोठे अडखळला, हे भाषा न जाणणाऱ्यालाही कळते. तेवढ्या जागा त्याने कच्च्या वहीत टिपून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशीच्या तासाला शिक्षकांना विचारण्यासाठी दोन-तीन प्रश्न त्यातून सहज निघतात.