उभ्याचं आडवं करणारा ऑक

संगणकातल्या नोंदी उभ्या वाढतात. माल आला की एक ओळ, मोजणी झाली की दुसरी, आणि फाइल खाली खाली लांबत जाते. वाचणाऱ्याला मात्र आडवा तक्ता हवा असतो: डावीकडे मालाची नावं, वर महिने, मधल्या चौकटींत बेरजा. जुने मुनीम रोजकीर्दीवरून खतावणी उतरवत, ते हेच काम. रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने, खतावणीत ज्याचा त्याच्या खात्यावर. एक्सेलवर वाढलेली पिढी याला पिव्हट टेबल म्हणते आणि माउसने ओढून मोकळी होते. युनिक्सच्या काळ्या खिडकीत हे काम जवळपास पन्नास वर्षं ऑक नावाची एक छोटी भाषा बिनबोभाट करते आहे.

ऑक जन्मली १९७७ साली, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये. आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं नाव पडलं. त्याच उच्चाराचा एक समुद्रपक्षी आहे. १९८८ साली तिघांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच विराजमान झाला. आहोंची गरज अगदी कारकुनी होती. खर्चाची अंदाजपत्रकं, संपादकीय पत्रव्यवहार, आणि जवळच्या विद्यापीठात ते शिकवत तिथल्या विद्यार्थ्यांचे गुण. एक-दोन ओळी लिहाव्यात, काम उरकावं, ओळी फेकून द्याव्यात, एवढीच अपेक्षा. पुढे लोक तिच्यात लांबलचक प्रोग्राम लिहू लागले तेव्हा सर्वांत चकित झाले ते तिचे जनकच.

आजूबाजूला अवजारं तेव्हाही होती आणि आजही आहेत. एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात मांडली होती; केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती पाइपच्या रूपाने युनिक्समध्ये बसवली. सॉर्ट ओळी क्रमाने लावतं. पेस्टला तीन उणे चिन्हं दिली की ते लागोपाठच्या तीन ओळी एका ओळीत बसवतं. कट हवे ते रकाने कापून देतं, पण हट्टी आहे: दुसरा आधी आणि पहिला नंतर मागितला तरी मूळ क्रमानेच देणार. युनिक्सच्या बीएसडी घराण्यात आरएस नावाची एक आज्ञा आहे, ती ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करते. फारसं कुणी तिच्याकडे फिरकत नाही. पण यांतल्या कुणालाही बेरीज येत नाही, आणि मागची ओळ ध्यानात ठेवून पुढचीला तिच्याशी जोडता येत नाही. खतावणीला तर नेमकं तेच लागतं.

ऑकमध्ये फाइल उघडा, ओळ वाचा, तुकडे करा, पुन्हा पुढची ओळ घ्या, हे काही लिहावंच लागत नाही. ती स्वतःच ओळ वाचते, रकाने पाडते आणि $१, $२, $३ असे हातात ठेवते. आपण फक्त कोणत्या ओळीचं काय करायचं ते सांगायचं. याहून मोठी गोष्ट म्हणजे तिची सारणी. हिच्या कप्प्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक असायलाच हवेत असं नाही. कप्प्याचं नाव ‘कांदा’ही चालतं. ही कल्पना स्नोबोल या आधीच्या भाषेतून आली.

समजण्यापुरत्या चार ओळी घेऊ:

कांदा जून ४०
बटाटा जून २५
कांदा जुलै ३०
कांदा जून १०

ऑकला सांगायचं, ‘पहिला आणि दुसरा रकाना मिळून जो कप्पा होतो, त्यात तिसरा रकाना मिळव.’ बस, एक ओळ. ‘कांदा’ आणि ‘जून’ यांच्यामध्ये ती आस्की तक्त्यातलं २८ क्रमांकाचं, पडद्यावर न दिसणारं चिन्ह घालते आणि दोघांचा एकच शब्द करते. दोन मितींची सारणी म्हणतात ती आतून एवढीच. फाइल संपली की शेवटचा भाग चालतो आणि तक्ता छापला जातो:

माल जून जुलै
कांदा ५० ३०
बटाटा २५ —

नवशिका अडतो तो इथे. सारणीतले कप्पे कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची ऑक हमी देत नाही. जुलै आधी आणि जून नंतर आला तर दोष तिचा नाही. म्हणून प्रत्येक नवं नाव पहिल्यांदा दिसलं की त्याला क्रमांक देऊन वेगळं नोंदवावं आणि छापताना त्याच क्रमाने जावं. ग्नू प्रकल्पाच्या गॉकमध्ये क्रम ठरवायची सोय आहे, पण ती इतर ऑकांत चालत नाही.

दुसरी गोम बटाट्याच्या जुलैत आहे. तो कप्पा नाहीच. पण नुसता त्यातला आकडा विचारला तरी ऑक निमूटपणे रिकामा कप्पा तयार करते, आणि बेरजेत त्याचा शून्य धरते. पावसाच्या नोंदी असतील तर यातून अनर्थ होतो, कारण पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजलाच नाही, यांत फरक आहे. कप्पा आहे का हे आधी तपासावं, नसेल तर डॅश छापावा. आडव्या तक्त्यांमध्ये दिसणाऱ्या कित्येक शून्यांकडे मी हे कळल्यापासून संशयाने पाहतो.

आडव्याचं उभं करणं त्यामानाने किरकोळ. पहिल्या ओळीतली शीर्षकं लक्षात ठेवायची, मग प्रत्येक ओळीत दुसऱ्या रकान्यापासून शेवटापर्यंत जात नाव, शीर्षक, आकडा छापत सुटायचं.

मोठ्या फाइलींची धास्ती मात्र फुकाची असते. तक्ता शेवटपर्यंत स्मृतीत राहतो हे खरं, पण ओळी राहत नाहीत, कप्पे राहतात. कोटभर नोंदी असोत. शंभर माल आणि बारा महिने असतील तर कप्पे बाराशेच. २०१४ साली एका अभियंत्याने बुद्धिबळाच्या डावांचे निकाल मोजायला हीच तऱ्हा वापरली: काम वाटून घेणाऱ्या सात यंत्रांच्या हडूप जथ्याला २६ मिनिटं लागलेलं काम त्याच्या लॅपटॉपवर पाइप, ऑक आणि समांतर चालवणारी एक आज्ञा यांनी १२ सेकंदांत झालं.

तरीही ऑकला सगळं जमतं असं म्हणणारे भाबडे आहेत. स्वल्पविरामाने रकाने पाडायला सांगा आणि पत्त्याच्या रकान्यात ‘शनिवार पेठ, पुणे’ येऊ द्या. अवतरणचिन्हं असोत नसोत, पुण्याला वेगळा रकाना मिळतो आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. यावरचा इलाज मूळ ऑकमध्ये थेट पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर, २०२३ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी ऐंशी वर्षांच्या कर्निगननी तिला युनिकोड शिकवलं होतं. त्याआधी तिला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १५, कारण ती बाइट मोजायची. आता येतं ५: म, र, काना, ठ, वेलांटी. शाळेतलं पोर तीन अक्षरं मोजेल. ही तफावत खतावणीच्या बेरजांना बाधत नाही, कारण नाव हुबेहूब जुळलं म्हणजे झालं. पण नावापुढे मोजून मोकळ्या जागा सोडायला सांगितल्या, की ‘कांदा’ची पाच चिन्हं धरली जातात, डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, आणि आकड्यांची रांग वाकडी होते. मराठी नावांच्या तक्त्यात म्हणून जागा मोजत बसू नये; रकान्यांमध्ये टॅब टाकावा, फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडावी आणि रकान्यांची रुंदी तिच्यावर सोडावी.