कायदा कठोर, म्हणूनच पद्धति काटेकोर हवी

कोणा तरुणाजवळ गांजा अथवा हेरॉइन सांपडल्याचें वृत्त वाचतांच आपल्या सुशिक्षित घरांतूनहि निकाल लागून जातो. "मुद्देमालासह धरला, आतां जामीन कशाला?" हा उद्गार आमच्या कानीं वारंवार येतो. मादक द्रव्यांनीं घरेंच्या घरें धुळीस मिळतात. तेव्हां या संतापाचें मूळ आम्हांस कळतें. परंतु संताप हें कांहीं प्रमाण नव्हे.

मादक द्रव्यांविषयींचा सन १९८५ चा कायदा आपल्या देशांतील अत्यंत कठोर कायद्यांपैकीं एक आहे. त्यांत शिक्षा द्रव्याच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोच्या आंत असेल तर प्रमाण अल्प, २० किलोंहून अधिक असेल तर व्यापारी. हेरॉइनला याच मर्यादा ५ व २५० ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणास १० ते २० वर्षें सक्तमजुरी आहे, आणि तेथें जामिनाच्या वाटेंत कलम ३७ उभें राहतें. सरकारी वकिलानें विरोध केल्यास, आरोपी दोषी नसावा असें मानण्यास सबळ कारण आहे व सुटल्यावर तो गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायाधीशाची खात्री व्हावी लागते. इतर गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास जामिनाचा हक्क मिळतो; येथें ती मुदत १८० दिवसांची असून न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवूं शकतें.

म्हणजे साक्षीपुरावा होण्यापूर्वींच, आणि तोहि तुरुंगांत बसून, आरोपीनें निर्दोषत्वाची खात्री पटवावयाची! अशा वेळीं त्याचा मुख्य आधार म्हणजे झडतीची व जप्तीची विहित पद्धति. अंगझडतीपूर्वीं, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष झडती मागण्याचा हक्क त्यास आहे. हा हक्क त्यास सांगितलाच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनीं सन १९९९ व २०१० मध्यें ठरविलें. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं घ्यावे, असें सन २०१६ मध्यें सांगितलें गेलें. आणि तपास-अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब दोषसिद्धीस आधार होऊं शकत नाहीं, असा निर्णय सन २०२० मध्यें झाला.

यावर पूर्वपक्ष असा कीं, असल्या तांत्रिक मुद्द्यांनीं खरे गुन्हेगार सुटतात. आमचें उत्तर असें: खिशांतली पुडी प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत अनेक हातांतून जाते. तिचें वजन, मोहोर व नोंद यांत खंड पडला, तर तपासलेली पुडी तीच कशावरून? अशा चुकीमुळें गुन्हेगार सुटला तर दोष नियमाचा नसून तो न पाळणाराचा आहे. प्रत्येक चुकीनें सुटका होते असेंहि नाहीं. नमुन्यांच्या नियमांतील उणीव एवढ्याच कारणावर जामीन देतां येणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें सन २०२४ मध्यें म्हटलें आहे.

"धरला म्हणून दोषी, आणि दोषी म्हणून कोंडला" या विचारांत जें सिद्ध करावयाचें तेंच हेतु म्हणून पुढें केलें जातें. न्यायशास्त्राचे विद्यार्थी यास साध्यसम हेत्वाभास म्हणतात. त्याची किंमत मात्र माणसास आयुष्यांतील वर्षांनीं द्यावी लागते. सन २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सात वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेंत असलेल्या एका आरोपीस जामीन देतांना, खटल्याच्या अवास्तव विलंबापुढें कलम ३७ आड येत नाहीं, असें स्पष्ट केलें. शेवटीं असा मनुष्य निर्दोष ठरला, तर तीं वर्षें त्यास कोण परत देणार?

आपलीं मुलें परगांवीं वसतिगृहांत राहतात, एका खोलींत चौघे असतात. कोणाची पिशवी कोणाच्या खाटेखालीं असेल, हें आईबापांस काय ठाऊक? म्हणून व्यसनापासून दूर राहण्याचा उपदेश मुलांस अवश्य करावा, आणि त्याबरोबरच झडतीच्या वेळचे हक्कहि सांगावे. दुसऱ्याच्या मुलाविषयीं वृत्तपत्र वाचून निकाल देण्यापूर्वीं, आपल्या मुलासाठीं आपण कोणती पद्धति मागूं, एवढें सुज्ञांनीं मनांत आणावें.