अस्थिपूरक सिमेंट आणि सुषिरता

हाडातील पोकळी ‘सिमेंट’ने भरल्याचे सांगणारे रुग्ण अलीकडे वैद्यांकडेही येतात. हे सिमेंट म्हणजे आपल्या भस्मांचाच एक प्रकार, असा समज काही औषधविक्रेत्यांत आढळतो. मृगशृंग भस्म पाण्यात कालवून क्षतात भरता येईल काय, अशी विचारणाही आमच्याकडे झाली आहे. म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

सांधेरोपणात वापरले जाणारे सिमेंट हे वस्तुतः ॲक्रिलिक प्लास्टिक असून ते घट्ट होताना पुष्कळ उष्णता सोडते. कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट निराळे. अमेरिकेत ब्राऊन व चाऊ यांनी १९८० च्या दशकात ते सिद्ध केले. टेट्राकॅल्शियम फॉस्फेट व डायकॅल्शियम फॉस्फेट ही दोन चूर्णे पाण्यात कालविली असता हळूहळू विरघळतात आणि त्या द्रवातून हायड्रॉक्सिॲपेटाइटचे सूक्ष्म स्फटिक बाहेर पडून परस्परांत गुंततात. हे शरीराच्या उष्णतेतच घडते. अग्निसंस्कार लागत नाही.

परंतु असा घट्ट झालेला पिंड रंध्रयुक्त असूनही त्याची रंध्रे अतिसूक्ष्म असतात. द्रव झिरपतो, पेशी व रक्तवाहिन्या शिरू शकत नाहीत. त्यासाठी सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, वा त्याहून मोठी आणि एकमेकांस जोडलेली छिद्रे हवीत. अस्थिसौषिर्य हा आपण विकार मानतो. येथे मात्र सुषिरता मुद्दाम निर्माण करावी लागते.

एक उपाय मॅनिटॉल वा साखरेचे स्फटिक मिसळण्याचा. सिमेंट घट्ट झाल्यावर ते विरघळून जातात व त्यांची जागा रिकामी राहते. पण प्रमाण अल्प असल्यास छिद्रे एकाकी राहतात आणि हेतू साधत नाही. खाण्याचा सोडा व आम्ल यांच्या योगाने वायूचे बुडबुडे उत्पन्न करणे हा दुसरा. अंड्यातील पांढरा बलक घुसळून त्याच्या फेसात चूर्ण कालविण्याचे प्रयोगही झाले आहेत. आमच्या मते यांत हीच कल्पना सर्वांत चतुर, कारण फेसातील बुडबुडे एकमेकांस भिडलेले असतात. मात्र छिद्रे वाढली की बल झपाट्याने घटते. त्यामुळे भार वाहणाऱ्या हाडात केवळ या सिमेंटावर विसंबता येत नाही. धातूच्या पट्टीचा आधार द्यावा लागतो.

आता भस्मांविषयी. शंख, शुक्ती, प्रवाळ यांच्या मुळाशी कॅल्शियम कार्बोनेट आहे, फॉस्फेट नव्हे. मृगशृंग भस्मात फॉस्फेट आहे खरे, परंतु ते पुटाच्या अग्नीतून गेल्याने आधीच स्थिर रूपास पोहोचलेले असते. ते पाण्यात विरघळून पुन्हा स्फटिकरूप होत नाही, म्हणून कालविले तरी चिखलच राहते. शंखादी भस्मांत चुन्याचा अंश राहिल्यास तो क्षतातील मांसधातूस जाळतो. शिवाय शस्त्रकर्मात भरावयाचे द्रव्य निर्जंतुक असावे लागते. डबीतील भस्म तसे नसते. सबब कोणतेही भस्म क्षतात भरू नये, आणि औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर ‘हाडातील पोकळी भरते’ असे छापू नये.

असा रुग्ण आल्यास कोणत्या प्रकारचे सिमेंट भरले व भार केव्हा द्यावयाचा, हे शल्यचिकित्सकाकडून लेखी मागवावे. तोपर्यंत त्या जागी मर्दन करू नये.