दोन जुनी पिंपं, पंधरा मासे आणि पालकाचा वाफा



हल्ली कंपनीच्या फोनवर एकच विचारणा सारखी येतेय. "मातीशिवाय, माशांच्या पाण्यावर भाजी येते म्हणे. शेडसकट सगळं उभं करून देतो म्हणतात, कर्जपण काढून देतात. घेऊ का?"

भाजी येते, हे खरं आहे. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घराच्या अंगणात दोन पिंपांवर वर्षभर करून बघा. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्या. लाखाच्या शेडमध्ये जे बिघडतं तेच इथंही बिघडतं, फक्त नुकसान दहा-पंधरा माशांचं होतं.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आता घरामागचा एखादा गुंठाच उरलाय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

*हे चालतं कसं?*
शेततळ्यात मासे सोडून तेच पाणी ठिबकने डाळिंबाला देणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. तत्त्व तेच, फक्त इथं पाणी परत माशांकडे येतं. मासे खातात, त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो माशांना विषारी. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे पिकाला लागू होणारा नत्र. मुळं तो उचलतात आणि निवळलेलं पाणी टाकीत पडतं. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधल्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी हे काम अनेक वर्षं केलं, जगभरचे लोक अजून त्यांचेच आकडे वापरतात. बेटावर गोडं पाणी कमी, म्हणून तिथं याची गरज होती. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्याला ती वेगळी सांगायला नको.

*पिंप कुठलं घ्यायचं?*
बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात २०० लिटरची निळी पिंपं मिळतात. आत आधी काय होतं ते विचारा, झाकण उघडून वास घ्या. खाण्याच्या मालाचंच पिंप घ्यायचं. केमिकलचं, रंगाचं, आणि आपल्या गोठ्यात पडलेलं औषधाचं पिंप कितीही धुतलं तरी नको.

एक पिंप माशांसाठी. वरचं तोंड कापून ते निम्मं जमिनीत पुरा. उन्हाळ्यात पाणी कमी तापतं आणि वरचा वाफा कमी उंचीवर बसतो. दुसरं पिंप उभं चिरून दोन भाग करा, त्यातला एक भाग झाला वाफा. तो सिमेंटच्या ब्लॉकवर असा ठेवा की त्याचं पाणी आपसूक टाकीत पडेल. खडी भरल्यावर वाफ्याचं वजन दीडशे किलोच्या पुढं जातं, तेव्हा लाकडी स्टूल-बाकडं चालणार नाही. टाकीवर घट्ट जाळी हवीच. मांजर आणि खंड्या तर येतातच, पण मुख्य म्हणजे घरात लहान मूल असेल तर उघडं पिंप ठेवूच नका.

गच्चीवर करायचं म्हणणाऱ्यांसाठी: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साधी गच्ची दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरून बांधतात, आणि भरलेलं पिंप एवढ्याशा जागेत दोनशे किलो टाकतं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर चढवू नका.

*खडी*
२० एमएमची काळी खडी धुऊन घ्या, धुण्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. आपल्या भागातल्या खडीत कधी कधी पांढरे चमकदार खडे निघतात. वाघोलीच्या खाणी तर अशा स्फटिकांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. दिसायला सुंदर, पण त्यातले काही चुन्याचे असतात आणि पाण्याचा सामू वाढवतात. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. फेस आला की ती खडी परत.

*पाण्याची फिरती*
तासाला ८०० ते १००० लिटर टाकणारा, १८-२० वॅटचा मत्स्यटाकीचा पंप पुरतो. टायमर लावून तासात १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. वाफ्याच्या तळाला एक उभा पाइप बसवा, त्याचं तोंड खडीच्या दोन इंच खाली ठेवा आणि बुडाशी छोटं भोक पाडा. पंप चालू असताना वाफा भरतो, जादा पाणी पाइपातून जातं. पंप थांबला की भोकातून हळूहळू रिकामा होतो आणि मुळांना हवा मिळते. खडी अडकू नये म्हणून या पाइपाभोवती भोकं पाडलेला जाड पाइप उभा करा. सायफनचे व्हिडिओ बघून त्यात अडकू नका, सुरुवातीला एवढंच पुरे.

जोडीला हवेचा छोटा पंप चोवीस तास. दोन्ही मिळून महिन्याला सात-आठ युनिट. गुरुवारी वीज जाते हे पुण्यात राहणाऱ्याला माहीतच आहे, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवाच. उन्हाळ्यात भरलेल्या टाकीत हवा थांबली तर काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

*घाई इथं होते*
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्यावर दोन दिवस राहू द्या किंवा मत्स्यटाकीच्या दुकानातलं हायपो टाका. मग पाणी फिरतं ठेवा, तीन-चारच मासे सोडा आणि थांबा. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथली ओंजळभर खडी आणून टाका, विरजण लावल्यासारखं काम होतं. अमोनिया तपासायचं किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले की बाकीचे मासे. पहिल्याच दिवशी पन्नास पिल्लं सोडली तर आठवड्यात टाकी रिकामी झालीच म्हणून समजा.

बोअरचं पाणी जड असतं, सामू बऱ्याचदा ८ च्या आसपास. सामू आणि ऊन जितकं जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. जमेल तर पावसाचं पाणी मिसळा, सामू ७ च्या जवळ ठेवा, आणि मार्च ते मे टाकीवर शेडनेट लावा.

*मासे कुठले?*
थाई मागूर अजिबात नको. देशात २००० सालापासून बंदी आहे, आपल्या जिल्ह्यातही त्यावर कारवाया झाल्यात. उजनीची चिलापी सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती पाळायला परवानगी लागते, आणि हिवाळ्यात पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की ती खाणं सोडते. रोहू-कटला तळ्यातले मासे, पिंपात खुरटतात. घरासाठी सायप्रिनस, नाहीतर कोई किंवा गोल्डफिश. दहा ते पंधरा पिल्लं बस. महापालिका डासांसाठी सोडते ते गप्पी मासे शिकायला उत्तम, फक्त त्यांच्या खतावर पालक जेमतेम येईल.

रोज पाच मिनिटांत संपेल एवढंच तरंगतं खाद्य, साधारण १० ग्रॅम. पोळीचे तुकडे नकोत.

*वाफ्यात काय?*
पालक, पुदिना, कोथिंबीर, लेट्यूस, तुळस. टोमॅटो-मिरचीला पालाश जास्त लागतं, ते दुसऱ्या वर्षी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तुम्ही ओळखालच, लोह कमी. ६ टक्के ईडीडीएचए चिलेट २०० लिटरला ६-७ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. पाणी लालसर होतं, घाबरू नका.

मावा आला तर हाताने काढा, पाण्याचा फवारा मारा. लॅम्बडा, सायपरमेथ्रिन ही औषधं माशांना फार जहाल आहेत. शेजारच्या शेतात फवारणी असेल तेव्हाही टाकी झाका. निंबोळी अर्कसुद्धा वाफ्यावर मारू नका.

*हिशोब*
दिवसाला १० ग्रॅम खाद्य म्हणजे महिन्याला ३०० ग्रॅम. त्यातून माशांचं वजन फार तर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वाढतं. आठ महिन्यांत किलो-सव्वा किलो मासे, आणि आठवड्याला दोन-तीन जुड्या. घरच्या ताटाला छान, पण धंदा नाही. तुम्हाला कोणी शेडचा आराखडा दाखवला तर हाच प्रश्न विचारा: रोज किती खाद्य, त्यातून किती मासा, किती भाजी, आणि ती कुठल्या भावाने कोण घेणार? वीज आणि माणसाची मजुरी त्यात धरलीय का? भाजी परत विकत घेण्याची हमी देत असतील तर ती लेखी मागा, आणि तो कागद सही करण्याआधी कंपनीच्या कार्यालयात दाखवून घ्या.

आणि मासे नकोसे झाले तर मुठेत किंवा कॅनॉलमध्ये सोडू नका. कार्यालयाला मेसेज करा, ज्यांना हवेत त्यांच्याशी गाठ घालून देऊ. बोअरच्या पाण्याचा सामू तपासायचा असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि बाटलीवर नाव-गाव लिहून आणा.