बंदिशीवाचून तान

ज्या चित्रपटाची थोरथोर समीक्षकांनी एकमुखाने वाखाणणी केली, तो पाहून आपण मात्र रित्या मनाने उठावे, असा प्रसंग रसिकांवर अधूनमधून येतोच. अशा वेळी पहिली शंका येते ती आपल्याच रसिकतेविषयी. २०१५ सालचा ‘मॅड मॅक्स : फ्यूरी रोड’ हा चित्रपट माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका तरुणाने मला नुकताच आग्रहाने दाखविला, तेव्हा माझी अवस्था अशीच झाली.

ह्या चित्रपटाला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. २०१६ साली बीबीसीने १७७ समीक्षकांची मते घेऊन एकविसाव्या शतकातील उत्तमोत्तम चित्रपटांची यादी केली, तीत ह्याचा क्रमांक एकोणिसावा लागला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. मॅक्सचा पहिला चित्रपट त्यांनी १९७९ साली काढला होता. हा चौथा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. नामिबियाच्या वाळवंटात त्यांनी खरोखरीच्या मोटारी पळविल्या, उलथविल्या आणि खरी माणसे त्यांवरून लोंबकळविली. सुमारे ४८० तासांचे चित्रण झाले. त्यातून मार्गारेट सिक्सेल ह्या त्यांच्या पत्नीने दोन तासांचा चित्रपट सांधला. त्यात सुमारे २,७०० तुकडे आहेत. म्हणजे तीन सेकंदही पुरे होत नाहीत तोच दृश्य बदलते. तरीही नजर कोठे चुकत नाही. ही तयारी असामान्य आहे आणि तिला दाद न देणे कोतेपणाचे होईल.

आता कथानक. इमॉर्टन जो नावाच्या जुलमी सत्ताधीशाने एका किल्ल्यावर पाणी अडवून ठेविले आहे. त्याच्या पाच बायकांना एका अजस्र टँकरमध्ये लपवून फ्यूरिओसा नावाची त्याचीच सरदारीण पळ काढते. मागे सारी फौज लागते. ज्या हिरव्या भूमीच्या ओढीने ती निघाली, ती उजाड झाल्याचे कळते. तेव्हा सगळे माघारी वळतात आणि तोच किल्ला काबीज करतात. संपले! जाताना पाठलाग आणि येताना पाठलाग. फौजेत एका गाडीवर ढोल बडविणारे आणि एक मुखवटेवाला गिटारवादक आहे; त्याच्या गिटारीतून सुरांबरोबर आगीचे लोळ निघतात. रणवाद्यांची परंपरा आपल्याला नवी नाही, परंतु नगाऱ्याने स्वतःच पेट घेतलेला मी प्रथमच पाहिला.

ग्वाल्हेर गायकीत एक शिस्त आहे. आधी बंदिशीची स्थायी आणि अंतरा स्वच्छ मांडायचा, मग आलाप, बोलआलाप, बोलताना, आणि तानांचा पाऊस अखेरीस. माझे वडील दरबारात गात, तालमीत मुलाने बंदिश मांडण्याआधी तान घेतली, तर ते विचारीत, “कशाची तान?” ह्या चित्रपटाला मला हाच प्रश्न विचारावासा वाटला. मॅक्सची आणि आपली धड ओळख होण्याआधीच त्याचा पाठलाग सुरू होतो. मग तो वाचला काय आणि गेला काय, जीव टांगणीला लागावा कसा?

शिंदे दरबारातील हस्सूखाँची आख्यायिका आपल्या जुन्या घरांतून अजूनही सांगितली जाते. बडे महंमदखाँनी ईर्ष्येने त्यांना ‘कडक बिजली’ची तान घ्यावयास लाविली. तान निघाली, दरबार थक्क झाला, परंतु त्या श्रमाने गवयाची छाती फुटली. खरेखोटे देव जाणे. चमत्काराची किंमत कोण मोजतो, एवढे मात्र ती गोष्ट नेमके सांगते.

पाठलागात गोष्ट मावतच नाही, असेही नव्हे. बस्टर कीटनचा १९२६ सालचा ‘द जनरल’ पाहावा. तोही जाण्यायेण्याचाच चित्रपट आहे. चोरीस गेलेल्या आगगाडीच्या इंजिनामागे नायक उत्तरेस धावतो आणि ते मिळवून त्याच रुळांवरून दक्षिणेस परततो. परंतु त्याआधी सैन्याने त्याला नाकारलेले असते, प्रेयसीने भित्रा ठरविलेले असते. खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांच्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू लागते आणि बसल्या जागी तो वर-खाली होऊ लागतो, तरी बिचाऱ्याला पत्ता नसतो. एवढ्याशा प्रसंगाने तो आपला होऊन जातो. पुढे जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत कोसळते, ते म्हणूनच लक्षात राहते. गंमत अशी की, त्या वेळच्या बहुतेक समीक्षकांना तो आवडला नव्हता. तेव्हा समीक्षकांची दाद हा काही अखेरचा निवाडा नव्हे.

हे सारे मी शिष्याला ऐकविले. तो गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “गुरुजी, हिरवी भूमी उरली नाही म्हटल्यावर ती वाळूत गुडघे टेकून ओरडते. जिथून पळाली तिथेच तिला परत जावे लागते. ही गोष्ट नाही का?”

मी निरुत्तर झालो. ते दृश्य मलाही लागले होते. सबंध चित्रपटात तेथे क्षणभर सम सापडली, आणि लगेच मोटारी पुन्हा सुटल्या. बंदिश होती, हे त्या पोराचे म्हणणे मला मान्य आहे. ती मांडायला वेळ दिला नाही, हे माझे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही.

काळजी वाटते ती एका चित्रपटाची नव्हे. सहा महिन्यांत मुलाने सभेत ताना माराव्यात, अशी अपेक्षा धरून पालक शिकवणीस येतात आणि टाळ्याही तेथेच पडतात. दुसऱ्या दिवशी हाच शिष्य तालमीस आला. स्थायी कशीबशी दोनदा म्हणून त्याने तानेला हात घातला. “पुन्हा स्थायी,” एवढेच मी म्हणालो. तो हसला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.