इथं तं काहीच नाही

पांढुर्ण्याचा फोटो म्हटला की गोटमारीचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये दगड. बाहेरचे कॅमेरेवाले त्या दिवशी येतात आणि संध्याकाळी जखमींचा आकडा घेऊन परततात. उरलेल्या 364 दिवसांना गिऱ्हाईक नाही. 1997 पासून माझे बहुतेक रोल त्या 364 दिवसांवरच गेले. परवा निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीच्या उजेडाला धरून एकेक बघत बसलो.

कॅमेरा पेंटॅक्स के-1000, सेकंडहँड. बॅटरी लागते ती फक्त मीटरला, शटर आपलं यंत्रावर चालतं. तयार रोल परवडत नसत, म्हणून शंभर फुटांचा डबा आणायचा आणि रात्री रजईखाली चाचपडत 18-19 रोल भरायचे. बोट दाबण्याआधी थांबायची सवय तिथून लागली. रोल धुवायला नागपूरला, सीताबर्डीत. धुऊन येईपर्यंत काय काढलं ते विसरलेलं असे, त्यामुळे स्वतःचे फोटो परक्याच्या नजरेनं बघता येत.

संत्र्याच्या गावात काळापांढरा रोल वापरणं हा तसा गाढवपणाच. फळ आणि पान एकाच राखाडीत मिसळतात. नारिंगी फिल्टर लावला तेव्हा कुठे फळ उजळलं. आंबिया बहाराच्या दिवसांतली एक पट्टी आहे. तणसाच्या ढिगाशेजारी एक बाई संत्रे निवडते आहे. पहिल्या पाच फोटोंत तिला माझी जाणीव आहे, पदर सारखा सारखा नीट केलेला. सहाव्यात ती मला विसरली आहे. एक संत्रा नाकाशी धरलाय, डोळे मिटलेले. दिवसभर त्याच वासात बसलेली बाई मुद्दाम वास का घेत असेल? तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "फोटो काहाचा काढून राहिला बाबू? इथं तं काहीच नाही."

हे वाक्य मी नंतर शंभरदा ऐकलं. बहुतेक वेळा मराठीतच. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून बोर्ड हिंदी आणि बोलणं मराठी. पण फोटोत बोलणं येत नाही, बोर्ड येतो. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर छिंदवाड्यातून काढून वेगळा जिल्हा झाला आणि पुष्कळ बोर्ड पुन्हा रंगले. माझ्या जुन्या पट्ट्यांत सगळीकडे 'जिला छिंदवाड़ा' आहे. तेव्हा तो वाचण्यासारखा वाटलाच नव्हता.

सौसरची गोष्ट मात्र अजून सलते. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 2015 अखेरीस बंद झाली. शेवटच्या दिवसांत मी स्टेशनावर मनसोक्त फोटो काढले, काउंटर 36 च्याही पुढे गेला. तेव्हा लक्षात आलं की रोल पुढे सरकवताना उलटं गुंडाळायची मूठ फिरतच नव्हती. फिल्म दात्यांत अडकलीच नव्हती. त्या रोलवर एकही फोटो नाही. चूक सर्वस्वी माझी. आता त्या गाडीचं माझ्याकडे जे काही आहे, ते तिची वाट बघणाऱ्यांचं आहे: बाकावर आडवा झालेला शाळकरी पोरगा, दप्तर उशाला, दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसलेला माणूस, फलाटावरची बकरी. गाडी एकाही फोटोत नाही.

गोटमारीचीही एक पट्टी सापडली, 2004 ची. नदीवर गेलोच नव्हतो. तान्हा पोळाही त्याच दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरतात. गल्लीत बाप्या माणूस एकही नाही, दुकानांची शटरं खाली. ओट्यावर एक बाई उभी, तोंड नदीकडे, एक हात दाराच्या चौकटीला घट्ट धरलेला. खाली तिचं पोरगं लाकडी बैल ओढतंय, बैलाचं एक चाक कलंडलेलं. उजेड कमी होता, 1/30 वर काढला. पोरगं हललं, बैल आणि आई स्थिर आले. लांबून गलका येत होता. शटरचा आवाज ऐकून पोरगं थेट माझ्याकडे आलं आणि तळहात पुढे केला.

"काका, बोजारा?"